बाळ निम्मं परकं, तरी आईचं शरीर ते सांभाळतं कसं? (पेशींच्या इंधनाबद्दल)

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती):

पावसाळी आजारांच्या धाग्यावर दोघी-तिघींनी लिहिलंय की दिवस गेले की बाईची प्रतिकारशक्ती 'झोपते', म्हणून काढे, चूर्णं, 'इम्युनिटी'ची सरबतं लगेच सुरू करावीत. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी चिपळुणात कॉलेजवर बायोकेमिस्ट्री शिकवते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचं आपापल्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न ऐकायला साधा आहे. दुसऱ्याची किडनी बसवली की माणसाला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बाळाचा निम्मा वारसा बापाकडचा, म्हणजे आईच्या शरीराच्या लेखी ते निम्मं परकंच. तरी एकही गोळी न घेता ते नऊ महिने आत वाढतं. १९५३ साली पीटर मेदावर यांनी हे कोडं नीट मांडलं. हे तेच, ज्यांना प्रत्यारोपणाच्या कामासाठी १९६० चं नोबेल मिळालं. त्यांनी तीन शक्यता सांगितल्या: आई आणि बाळ यांच्यामध्ये पक्का आडपडदा असेल, बाळाच्या पेशी इतक्या कोवळ्या असतील की आईला त्या परक्या वाटतच नसतील, किंवा आईची प्रतिकारशक्तीच मंदावत असेल.

तिन्ही उत्तरं पुढे तोकडी पडली. आडपडदा म्हणावा, तर वारेच्या पेशी थेट आईच्या रक्तात न्हात असतात आणि बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतातही. कोवळेपणा म्हणावा, तर बऱ्याच आयांच्या रक्तात नवऱ्याच्या एचएलए खुणांविरुद्ध (पेशींवरच्या, आपलं-परकं ओळखायच्या खुणा) प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, सापडतात. म्हणजे ओळख झालेली असते. आणि मंदावण्याचं म्हणाल, तर गरोदर बाईला धनुर्वाताची लस दिली की तिचं शरीर चोख प्रतिपिंडं करतं. झोपलेल्या यंत्रणेला हे जमेल का?

उलट गर्भाशयाचं अस्तर प्रतिकारशक्तीच्या पेशींनी गजबजलेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एनके जातीच्या असतात. नावाने 'नैसर्गिक मारेकरी', पण इथे त्या मारत नाहीत, आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून वारेला रक्त पोचवायला मदत करतात. वारेच्या पेशीही सावध असतात. एचएलए-ए आणि बी या मुख्य खुणा त्या बाहेर दाखवतच नाहीत. सी, ई आणि जी एवढ्याच दाखवतात.

आता माझ्या विषयाकडे येते: या पेशी जाळतात काय?

टी पेशी म्हणजे परक्याला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींची एक जात. लढायला निघालेली टी पेशी ग्लुकोजवर तुटून पडते. ऑक्सिजन हाताशी असूनही ती साखर पूर्ण जाळत नाही, अर्ध्यावर तोडून लॅक्टेट (साखरेचा अर्धवट तुटलेला अवशेष) बाहेर टाकते. एका ग्लुकोजमागे असे जेमतेम २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरातून, तीसच्या आसपास मिळाले असते. तरी ती हाच उधळा मार्ग धरते, कारण तिला भराभर दुप्पट व्हायचं असतं आणि नव्या पेशींचा कच्चा माल याच वाटेवर मिळतो. कर्करोगाच्या पेशींत हीच खोड ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात पाहिली होती. एमएस्सीला असताना मी हे डोळ्यांनी बघितलंय. टी पेशी ज्या द्रवात वाढवतात त्याचा रंग लालसर गुलाबी असतो, आम्लता वाढली की बदलणारं रंगद्रव्य त्यात घातलेलं असतं. संध्याकाळी पेशी चेतवून ठेवायच्या. एक-दोन दिवसांनी बघावं तर त्या खोबण्यांतला द्रव नारिंगी, मग चक्क पिवळा. शेजारच्या न चेतवलेल्या पेशी तशाच गुलाबी द्रवात निवांत.

दुसऱ्या बाजूला नियामक टी पेशी, ज्यांना लॅबमध्ये सगळे 'टी-रेग' म्हणतात. यांचं काम इतरांना आवरणं. या मुख्यतः मायटोकॉन्ड्रियावर चालतात, स्निग्धाम्लं जाळतात, लॅक्टेटसुद्धा वापरतात. फॉक्सपी३ हे त्यांचं मुख्य जनुक साखरेच्या उधळपट्टीला आतूनच लगाम घालतं. त्यामुळे जिथे ग्लुकोज कमी आणि लॅक्टेट जास्त, तिथे लढाऊ पेशी अडखळतात आणि या तग धरून राहतात.

आणि वारेच्या आसपास नेमकं तसंच वातावरण असतं. वार स्वतः भरपूर ग्लुकोज ओढते आणि लॅक्टेट सोडते. आर्जिनेज हे विकर (एन्झाइम) टी पेशींना लागणारं आर्जिनिन हे अमिनो आम्ल तोडतं. आयडीओ नावाचं विकर ट्रिप्टोफॅन हे दुसरं अमिनो आम्ल तोडतं. ट्रिप्टोफॅन तुटलं की लढाऊ पेशींचं वाढणं थांबतं, शिवाय त्यातून निघणारं कायन्युरेनिन नवीन नियामक पेशी घडवायला मदत करतं. १९९८ मध्ये मन आणि मेलर या संशोधकांच्या गटाने गाभण उंदरांना आयडीओ बंद पाडणारं रसायन दिलं. बाप वेगळ्या वाणाचा होता ती पिल्लं आईच्या शरीराने नाकारली, बाप आईच्याच वाणाचा होता ती तगली. माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच.

२००४ मध्ये नियामक पेशी काढून टाकलेल्या उंदरांतही परक्या वाणाचे गर्भ टिकले नाहीत. २०१२ मध्ये फॉक्सपी३ जनुकाशेजारचा एक छोटा डीएनए-तुकडा उजेडात आला. तो वार असलेल्या सस्तन प्राण्यांतच आढळतो, आणि तो काढला की गर्भपात वाढतात. याच नियामक पेशींच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकाचं नोबेल ब्रंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं.

तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून काही विकणाऱ्याला एकच विचारा: कुठली पेशी वाढवता राव, आणि कुठे? अंगणातल्या तुळशीचं पान चावलंत तर माझी ना नाही. पण गरोदरपणात अनोळखी चूर्णाची पुडी घेणं मला बिलकूल पसंत नाही.

रायवळ:

लेख आवडला. एक बागायतदारी शंका. आम्ही रायवळ कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधतो, पट्टी गुंडाळतो, महिनाभरात फूट येते. झाड काही काडीला फेकून देत नाही. मग या मेदावरसाहेबांना एवढं कोडं कसलं पडलं?

वाशिष्ठीकाठ:

@रायवळ, झाडाला टी पेशी नसतात हो. रक्तातून फिरणारी, परक्याला ओळखून लक्षात ठेवणारी यंत्रणाच नाही, म्हणून काडी जुळते. तरी तिथेही नातं लागतंच. आंब्यावर फणसाची काडी बांधून बघा.

रायवळ:

बांधली होती लहानपणी. आजोबांनी काठी घेतली होती :)

शंकेखोर:

सगळं उंदरांवरचं आहे. उंदराची गर्भावस्था वीस दिवसांची, वारेची रचना वेगळी. आणि आयडीओचं जनुक मुळातून काढून टाकलेल्या उंदरिणींना व्यवस्थित पिल्लं होतात, हे तुम्ही लिहिलं नाहीत. 'देखणा प्रयोग' म्हणताना हेही सांगायला हवं. शिवाय हेच आयडीओ रोखणारं औषध मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णांवर मोठ्या चाचणीत वापरलं, २०१८ मध्ये ते सपशेल पडलं. एकेका रसायनावर एवढी मोठी गोष्ट रचू नये.

वाशिष्ठीकाठ:

@शंकेखोर, मुद्दा रास्त. पण त्या जनुकरहित उंदरिणींवरून मी उलट निष्कर्ष काढते. जन्मापासून आयडीओ नसेल तर शरीर दुसऱ्या वाटांवर भार टाकतं, ऐन गरोदरपणात अचानक बंद केलं तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणजे बंदोबस्त एकपदरी नाही. त्यातला एक पदर मला फार आवडतो: उंदरांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी टी पेशींना बोलावणारी काही जनुकंच कुलूपबंद करून ठेवतात, त्यामुळे लढाऊ पेशी तिथवर जमतच नाहीत. तो शोधही २०१२ चाच.

माणसांत प्रयोग करून बघता येत नाही, करूही नये. हातात येतात ते अस्तराचे नमुने, बाळंतपणानंतरची वार आणि रक्त. त्यावरून दिसतं ते नातं. कारण-परिणाम छातीठोक सांगता येत नाही. कर्करोगाच्या औषधाचं म्हणाल तर कर्करोगाची गाठसुद्धा आयडीओ, लॅक्टेट, पीडी-एल१ (टी पेशींना थोपवणारी खूण) अशा बऱ्याच वाटा एकदम वापरते. एक बुजवून भागलं नाही, हे माझ्या म्हणण्याला धरूनच आहे.

शंकेखोर:

हे पटलं. 'बंदोबस्त एकपदरी नाही' हे वर लेखात हवं होतं.

अबोली:

मी ग्रामीण रुग्णालयात प्रसूती कक्षात सिस्टर आहे. वारेबद्दल एवढं वाचलं, म्हणून आम्ही रोज बघतो ते लिहिते. बाळ झालं की वार ट्रेमध्ये घेऊन तपासायची असते. बाळाकडची बाजू गुळगुळीत, निळसर चकाकणारी, नाळेपासून शिरा फाकलेल्या. ती उलटली की आईकडची बाजू: गडद लाल, खडबडीत, पंधरा-वीस खंड एकमेकांना लागून. बोटाने एकेक खंड जुळवून बघायचा, कुठे खाच दिसली तर तुकडा आत राहिलाय असं समजायचं आणि लगेच डॉक्टरांना हाक मारायची. राहिलेल्या तुकड्याने रक्तस्राव थांबत नाही. वजन साधारण अर्धा किलो. ज्यांचं बीपी वाढलेलं असतं त्यांची वार बरेचदा लहान असते आणि मधेमधे पांढुरके, कडक भाग हाताला लागतात.

इतकी वर्षं हातात घेतेय, पण ती लॅक्टेट सोडते वगैरे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सुरंगी:

मला पाचवा महिना आहे, दापोलीजवळ सासरी असते. वाचून घाबरायला झालं! लढाऊ पेशी साखर खातात, तर मी साखर-भात बंद करू का? आणि नियामक पेशी स्निग्ध खातात, तर तूप वाढवू? सासूबाई आधीच डिंकाचे लाडू पुढे करतायत.

वाशिष्ठीकाठ:

@सुरंगी, अगं घाबरू नकोस. मी लिहिलं ते वारेजवळच्या काही मिलिमीटरमधलं वातावरण. तू भात बंद केलास म्हणून तिथलं ग्लुकोज ठरत नाही. रक्तातली साखर शरीर ठरलेल्या पट्ट्यातच ठेवतं आणि तुझ्या ताटातलं तूप थेट टी पेशीच्या ताटात जात नाही. बाकी डॉक्टर सांगतील.

खाडीपट्टा_डॉक्टर:

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, खाडीपलीकडे दवाखाना. @सुरंगी, सकाळी पेज, दुपारी उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, चालत असेल तर ताजा बांगडा, सगळं चालेल. उपाशी राहून नियामक पेशी वाढत नाहीत, चक्कर मात्र येते. या महिन्यात संकष्टीला निर्जळी नको. साखरेची तपासणी झाली नसेल तर करून घे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आलं तर मधुमेहाचे उपचार सुरू होतात. ते आलं तरच लाडू आवरायचे.

आता मूळ विषयावर. ही जुळवाजुळव बिघडली तर काय होतं, त्याचं आमच्या रोजच्या कामातलं उदाहरण म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० च्या वर, जोडीला लघवीत प्रथिनं किंवा यकृत-मूत्रपिंडावर ताण. याची मुळं सुरुवातीच्या महिन्यांतच असतात. वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद होत नाहीत. अशा बायकांत नियामक पेशी कमी आणि दाह करणाऱ्या जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पहिलटकरणीत हा आजार जास्त आढळतो, त्याच जोडीदारापासूनच्या दुसऱ्या खेपेला कमी. उंदरांत पहिल्या बाळंतपणातल्या नियामक पेशी स्मृती ठेवून राहतात आणि दुसऱ्या वेळी भराभर वाढतात, त्याच्याशी हे जुळतं. दोन बाळंतपणांत फार वर्षांचं अंतर पडलं तर धोका पुन्हा चढतो. लठ्ठपणा आणि मधुमेहानेही चढतो.

ज्यांना धोका जास्त त्यांना कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतो, शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत. हे प्रत्येकीला नाही आणि स्वतःच्या मनाने तर अजिबात नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहरा अचानक सुजणं, यातलं काही दिसलं तर 'पित्त झालं असेल' म्हणत कोकम सरबत पीत बसू नका. होडी, रिक्षा, मिळेल ते धरा आणि बीपी मोजून घ्या.

बावनदी:

अनुभव लिहिते. वहिनीला आमवात आहे, बोटं सकाळी वळायचीच नाहीत. दिवस गेले आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून तिची बोटं मोकळी. नारळ खवायला स्वतः बसायची. सगळे म्हणाले बाळाचा पायगुण. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं आणि दुखणं पूर्वीपेक्षा जोरात परतलं. याचा या धाग्याशी संबंध आहे का?

वाशिष्ठीकाठ:

@बावनदी, अगदी थेट. फिलिप हेंच या डॉक्टरांनी १९३८ मध्ये हेच नोंदवलं होतं, की गरोदरपणात आमवात बऱ्याच जणींत निवळतो. शरीरात सांध्यांना आराम देणारं काहीतरी तयार होतंय, हा विचार त्यांनी सोडला नाही. तो माग काढत कॉर्टिसोन या दाह कमी करणाऱ्या संप्रेरकाचा वापर आला आणि १९५० चं नोबेल. आता त्यात नियामक पेशींचाही वाटा धरतात. मात्र सगळ्या आजारांत असं होत नाही. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) गरोदरपणात उसळू शकतो, त्यामुळे वहिनीचा अनुभव दुसऱ्या आजाराला लावू नये.

माडाखालचो:

माका ह्यातला अर्धा समाजला, अर्धा डोक्यावरसून गेला. पण वर लिवलास की पोराचे पेशी आवशीच्या रक्तात उतरतत. मगे बाळातपणानंतर ते जातत खंय?

वाशिष्ठीकाठ:

@माडाखालचो, बरेचसे जातत, पण सगळे नाय! १९९६ मध्ये एका बाईच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या, बाळंतपणानंतर तब्बल २७ वर्षांनी. आईच्या पेशीही मुलात उतरतात आणि मोठेपणीसुद्धा सापडतात. त्या तिथे नेमकं काय करतात यावर मतं वेगळी आहेत. काही ठिकाणी जखम भरायला मदत करतात असं दिसलंय, काही ठिकाणी आजाराशी संबंध जोडलाय.

माडाखालचो:

म्हंजे झील मुंबैक गेलो तरी वायच आवशीकडे रवताच. माझे आवशीक सांगतंय, खूश होतली.

शंकेखोर:

एक उरलं. प्रतिकारशक्ती झोपत नाही म्हणता, मग फ्लू, कावीळ गरोदर बायकांना जास्त का भोवतात?

खाडीपट्टा_डॉक्टर:

@शंकेखोर, कारणं एकाहून जास्त. पोट वाढलं की फुप्फुसाला जागा कमी, हृदयावर भार जास्त, त्यामुळे फ्लू जड जातो. २००९ च्या स्वाइन फ्लूत ते दिसलं. विषाणूंविरुद्धचे काही प्रतिसादही बदलतात, हे खरं. कावीळ करणारा हेपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत फार वाईट वागतो, यकृत निकामी होऊन मृत्यू येतात. तो पाण्यातून येतो. पहिल्या पावसानंतर विहिरीला गढूळ पाणी लागतं तेव्हा गरोदर बाईने उकळलेलंच पाणी प्यावं. इम्युनिटीच्या बाटलीपेक्षा ते स्वस्त. फ्लूची लस आणि धनुर्वाताची लस चुकवू नका, त्यातून तयार झालेली प्रतिपिंडं वार स्वतः उचलून बाळाला देते, शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त.

सुरंगी:

डॉक्टर, अजून एक. हे माझं दुसरं. माझा गट बी निगेटिव्ह, ह्यांचा ओ पॉझिटिव्ह, मोठी मुलगी पॉझिटिव्ह. तिच्या वेळी मला इंजेक्शन दिलं होतं. परत लागेल का? सासूबाई म्हणतात, एकदा घेतलं की झालं.

खाडीपट्टा_डॉक्टर:

@सुरंगी, परत लागेल. इथे गणित प्री-एक्लॅम्प्सियाच्या उलटं आहे. तिथे पहिली खेप जोखमीची, इथे पहिलं बाळ सहसा सुटतं आणि दुसऱ्याला त्रास होतो. बाळंत होताना बाळाच्या लाल पेशी आईच्या रक्तात मिसळतात, आईचं शरीर आरएच खूण (रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणारी) ओळखून प्रतिपिंडं तयार करतं आणि ती पुढच्या बाळाच्या लाल पेशी फोडतात. ही ओळख पटायच्या आधी त्या पेशी उचलून न्यायचं काम अँटी-डी, म्हणजे तुला दिलेलं ते इंजेक्शन, करतं. त्याचा परिणाम काही आठवडेच टिकतो, म्हणून प्रत्येक गरोदरपणात नव्याने द्यावं लागतं: २८ व्या आठवड्याला एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत दुसरं. मधे रक्त गेलं किंवा पोटावर पडलीस तरी लगेच दाखव. आधी इनडायरेक्ट कूम्ब्स ही रक्ततपासणी करून घे, प्रतिपिंडं तयार झाली आहेत का ते कळतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तेव्हा विचार. इंजेक्शन तिथे आहे का हे मात्र आठवडाभर आधी फोन करून बघ. लहान गावात ते आयत्या वेळी मिळेलच असं नाही, आणि ते थंडीत ठेवूनच आणावं लागतं.

अबोली:

@सुरंगी, आणि रक्तगटाचा कागद माता-बाल कार्डाला स्टेपल करून ठेव. रात्री दोनला कळा घेऊन येतात आणि कार्ड घरी राहिलेलं असतं, असं फार वेळा होतं.

सुरंगी:

केलं स्टेपल. ९ तारखेला जाऊन येते, सासूबाईंनाही सोबत नेते, त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे.